मशीन काढल्यावर मी कोण? कॉक्लिअर इम्प्लांटवाल्या एका मुलीच्या प्रश्नाचं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी २३ वर्षांची आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, चौथ्या वर्षी उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट झालं (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवलेलं, नसेला विजेने आवाज पोचवणारं यंत्र), मराठी माध्यमाच्या नेहमीच्या शाळेत शिकली, आता एका ऑफिसात अकाउंट्सचं काम बघते. मागच्या पावसाळ्यात तिचा प्रोसेसर, म्हणजे कानावर लावायचा बाहेरचा भाग, बंद पडला आणि दुरुस्त होऊन यायला १९ दिवस लागले. त्या १९ दिवसांत ती ऑफिसला गेली नाही, मैत्रिणींना भेटली नाही, आई जेवायला बोलवायला दारातून लाईट चालू-बंद करायची तर त्याचाही तिला राग यायचा. ती लिहिते, "तेवढे दिवस मी नव्हतेच. मशीन आलं, कानाला लावलं आणि मी परत आले. मग मशीनशिवाय मी कोण? ऐकतं कोण, मी की मशीन? एका यंत्रावर एवढं अवलंबून राहणं चूक आहे का?" अजून दोन गोष्टी तिने सांगितल्यात. घरात लग्नाचं बघतायत आणि आई म्हणते केस मोकळे ठेव, मशीन दिसायला नको. आणि एकदा ती कर्णबधिर मुलामुलींच्या एका भेटीला गेली, तिथे सगळे सांकेतिक भाषेत बोलत होते, हिला काहीच कळेना, ती तासाभरात घरी आली. शेवटी एक छोटा प्रश्न आहे, रात्री मशीन काढल्यावर कानात येणाऱ्या आवाजाचा, त्याचं शेवटी बोलते.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, पुण्यात २२ वर्षं हेच काम करतेय, त्यातली बरीचशी वर्षं इम्प्लांटच्या मुलांबरोबर. तुला तू म्हणते, माझ्याकडे लहानपणापासून येणाऱ्या मुली आता तुझ्याच वयाच्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, मला स्वतःला नीट ऐकू येतं, त्यामुळे मशीन काढल्यावरची शांतता आतून कशी असते ते मला माहीत नाही. मी जे लिहितेय ते समोरच्या खुर्चीत बसून बघितलेलं आहे. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत.

अवलंबून राहणं चूक आहे का, तर नाही. याच्यावर फार वेळ घालवायला नको. पण तुझी पोस्ट मी तीनदा वाचली आणि मला वाटतं तुझा खरा प्रश्न तो नाहीये. तुझं मशीन तुझ्यासाठी दोन कामं करतंय. एक काम ऐकवण्याचं. दुसरं काम, तुला ऐकू येत नाही हे लोकांना कळू न देण्याचं. पहिल्या कामासाठी तू मशीनवर अवलंबून आहेस त्यात काहीच वावगं नाही. दुसऱ्या कामासाठी जे अवलंबून राहणं आहे ना, ते तुला आतून खातंय.

बघ ना, त्या १९ दिवसांत अकाउंट्सचं काम बंद पडायचं तसं काही कारण नव्हतं. आकडे कॉम्प्युटरवर असतात, मेल लिहून येतात, साहेबांना चिठ्ठी लिहून किंवा मेसेज करून विचारता आलं असतं. मैत्रिणींशी तर तू एरवीही अर्धं बोलणं व्हॉट्सअॅपवरच करत असशील. तरी तू गेली नाहीस. ऐकू येणार नाही एवढंच कारण असतं तर गैरसोय झाली असती, चिडचिड झाली असती, पण "मी नव्हतेच" असं वाटलं नसतं. तू गेली नाहीस कारण सगळ्यांना दिसलं असतं.

हे कुठून येतं ते मी रोज बघते. मूल सात-आठ वर्षांचं होतं, छान बोलायला लागतं, आणि मग आत्या, मामा, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, सगळे एकच वाक्य बोलतात, "अगं बाई, कळतच नाही हो!" आईचा चेहरा असा फुलतो, आणि का फुलू नये, चार-चार वर्षं तिने सगळं सोडून पोरीला थेरपीला नेलेलं असतं, बसच्या दोन-दोन गाड्या बदलून. पण खाली बसलेलं मूल ते वाक्य ऐकत असतं. ऐकायला तर आपणच शिकवलेलं असतं. त्याला त्यातून एवढंच कळतं की माझ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे माझं खरं काय आहे ते कळत नाही. हे कौतुक १५ वर्षं रोज मिळालं की माणसाची ओळखच त्याच्यावर उभी राहते, आणि मग एका दमट आठवड्यात प्रोसेसरमध्ये ओल शिरते आणि ते सगळं एका दिवसात जातं. तुला त्या वेळी ऐकू न येण्याची भीती वाटली नसणार, ते तर तू रोज रात्री अनुभवतेस. उघडं पडल्याची भीती वाटली असणार.

आता यातलं बरंचसं माणसागणिक बदलतं, तेही सांगायला हवं, कारण इथे वाचणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट तुझ्यासारखी नसेल. ज्यांचं ऐकू येणं मोठेपणी गेलं त्यांचं मशीनशी नातं अगदी वेगळं असतं. माझ्याकडे एक पेटी शिकवणारे मास्तर येतात, ५६व्या वर्षापर्यंत उत्तम ऐकू येत होतं, मग दोन-तीन वर्षांत सगळं गेलं. इम्प्लांट झाल्यावर स्विच ऑनच्या, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी बायको "अहो" म्हणाली तर ते म्हणाले पत्र्याच्या डब्यात चमचा हलवल्यासारखं वाटतंय. आठ महिन्यांनी एकदा सहज सांगत होते की आता तीच बोलते, तिचाच आवाज आहे. पण पेटी? पेटी आली नाही. सा आणि रे वेगळे कळत नाहीत त्यांना, बोटांना आठवतं म्हणून वाजवतात. मला म्हणाले, "मॅडम, मशीनने बायको परत दिली, पेटी नाही दिली." त्यांच्याकडे आधीचं एक आयुष्य आहे, मोजून बघायला. मशीन त्यांना तिथे परत नेतं, जेवढं जमेल तेवढं. तुझं तसं नाही. तुला मशीनच्या आधीचं ऐकणं माहीतच नाही, तू घडलीसच मशीनबरोबर, त्यामुळे मशीन बाजूला ठेवून "खरी मी" शोधायला गेलीस तर तिथे कोणी वेगळी मुलगी लपून बसलेली सापडणार नाहीये. आणि ज्यांना साधं श्रवणयंत्र पुरतं, ज्यांचं थोडं ऐकू येणं शिल्लक आहे, किंवा ज्यांचे आईवडीलही कर्णबधिर आहेत आणि घरात पहिल्यापासून सांकेतिक भाषा आहे, त्यांची गोष्ट अजून तिसरी.

तू विचारलंस की ऐकतं कोण, मी की मशीन. याचं उत्तर देण्याआधी आत काय चालतं ते जरा सांगते, कारण २० वर्षं मशीन वापरणाऱ्या मुलांनाही कोणी हे नीट सांगितलेलं नसतं, सगळं आईवडिलांना सांगितलेलं असतं. निरोगी कानात शंखाच्या आकाराच्या भागात आवाज पकडणाऱ्या आतल्या ओळीतल्या केसपेशीच साधारण साडेतीन हजार असतात, आणि तिथून मेंदूकडे जाणारे नसेचे धागे ३० हजारांच्या आसपास. त्या जागी तुझ्याकडे एक बारीक तार आहे आणि तिच्यावर कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड. बाहेरचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे तुकडे पाडतो, कोइलमधून, म्हणजे डोक्याला चिकटणाऱ्या चकतीतून, रेडिओ लहरींनी कातडीच्या आत पाठवतो, आणि आतलं यंत्र नसेला विजेचे बारीक धक्के देतं. बस. मशीनचं काम इथे संपतं. आतल्या यंत्रात बॅटरीसुद्धा नसते, कोइल डोक्यावरून काढली की ते निपचित.

त्या धक्क्यांमधून "आई" हा शब्द कोणी काढला? आता माझ्या थेरपीच्या खोलीतली सतरंजी डोळ्यासमोर आण, तुझी थेरपी कुठेही झालेली असली तरी खोली साधारण अशीच असणार. समोर थेरपिस्ट, तिच्या तोंडासमोर कापड ताणलेली गोल रिंग, म्हणजे ओठ दिसू नयेत. ती म्हणते आ, ई, ऊ, म्, स्, श्. रोज सकाळी तेच सहा आवाज. मूल आवाज आला की खांबात एक रिंग टाकतं. स् येत नाही, येत नाही, महिनाभर येत नाही, आणि एक दिवस रिंग टाकतं आणि आईकडे वळून बघतं. मग ल आणि ळ, काल आणि काळ, वेल आणि वेळ, ळ म्हणताना जीभ आत वळते, ओठांवरून काही कळत नाही, तो निव्वळ ऐकूनच शिकावा लागतो, तो यायला काही मुलांना दोन वर्षं लागतात. हे काम मशीनने केलेलं नाही. तू केलंस. आणि मॅपिंग म्हणजे तरी काय, प्रत्येक इलेक्ट्रोडला किती कमी करंटवर तुला जाणवतं आणि कितीपर्यंत सोसवतं, ते तुला विचारून विचारून भरलेले आकडे. तुझा मॅप दुसऱ्या कोणाच्या प्रोसेसरमध्ये टाकला तर त्याला नुसता गोंगाट होईल, कदाचित त्रासही होईल. म्हणजे मशीनने तुला घडवलं हे खरं आहेच पण त्या मशीनच्या आतले आकडे तू टाकलेल्या रिंगांमधून आलेत हेही तितकंच खरं आहे.

आणि मला सांग, त्या १९ दिवसांत तू आईवर मनातल्या मनात कुठल्या भाषेत चिडलीस? मराठीतच ना. प्रोसेसर दुरुस्तीच्या डब्यात होता तेव्हा तुझी भाषा त्याच्याबरोबर गेली नव्हती. तुझी विनोदबुद्धी, हिशोबातली चूक एका नजरेत पकडायची सवय, कोणावर विश्वास ठेवायचा ते कळणं, यातलं काही डब्यात नव्हतं. आवाज गेले होते, तो तोटा मोठाच आहे, मी तो कमी लेखत नाहीये.

आता सांकेतिक भाषेकडे येते, आणि इथे मला माझ्याच व्यवसायाबद्दल आणि स्वतःबद्दल काही कबूल करायचंय. तू त्या भेटीतून तासाभरात निघालीस आणि लिहिलंस की मी ना त्यांच्यातली ना यांच्यातली. तुला ती भाषा आली नाही यात तुझा दोष नाही, ती तुझ्यापासून लांब ठेवली गेली. हे फार जुनं आहे. १८८० साली इटलीत मिलानला कर्णबधिरांना शिकवणाऱ्यांची परिषद भरली, जवळपास सगळे ऐकणारे लोक, आणि त्यांनी ठराव केला की शाळेत बोलण्याचीच पद्धत हवी, खुणा नकोत. त्याचे परिणाम जगभर पुढच्या पिढ्यांनी भोगले. त्याच शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला, म्हणजे १३० वर्षांनी. मधल्या काळात इम्प्लांट आलं. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क या कानाच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांचं अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट पहिल्यांदा एका माणसात बसवलं. त्यांचे वडील औषधाचं दुकान चालवायचे आणि त्यांना कमी ऐकू यायचं, ते बघत हा मुलगा मोठा झाला. मला ही गोष्ट कायम जवळची वाटते, वडिलांचं अडखळणं बघितलेल्या मुलाने ते यंत्र केलंय. पण दुसरी बाजू पण खरी आहे. अमेरिकेत १९९० साली लहान मुलांना इम्प्लांट करायला परवानगी मिळाली आणि १९९१ मध्ये तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याचा कडक शब्दांत निषेध केला. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे भाषा आहे, लग्नं आहेत, शाळा आहेत, विनोद आहेत, आम्ही आजारी नाही, आणि तुम्ही ज्या मुलाला विचारलंच नाही त्याच्या डोक्यात यंत्र बसवताय. २००० साली त्यांनी ती भूमिका बरीच सौम्य केली, इम्प्लांट हा अनेक पर्यायांपैकी एक असू शकतो असं मान्य केलं, पण भाषा लवकर मिळण्याचा आग्रह सोडला नाही.

मी कामाला लागले तेव्हा आम्हाला हेच शिकवलं होतं की खुणा केल्या की मूल आळशी होतं, ऐकायचा प्रयत्न करत नाही. मी शेकडो आयांना सांगितलंय, हातवारे बंद करा. "पाणी" म्हणून हात तोंडाकडे नेणाऱ्या तीन वर्षांच्या पोराचा हात मी स्वतः हलकेच खाली धरलाय. ते पोरगं माझ्याकडे बघत राहिलं होतं, ते मला अजून आठवतं. आज मी तसं करत नाही. इम्प्लांट कर, थेरपी कर, आणि घरात खुणाही असू देत, दोन्ही चालतात असं सांगते, कारण मशीन नसेल त्या वेळी, आंघोळीला, पोहायला, तापात, दुरुस्तीला गेल्यावर, त्या मुलाकडे भाषा उरायला हवी. सगळे सहकारी माझ्याशी सहमत नाहीत, काही जणांना वाटतं याने बोलणं मागे पडतं. माझ्या खुर्चीवरून तरी मला तसं दिसलं नाही, ज्या घरात दोन्ही होतं तिथली मुलं जास्त शांत होती.

म्हणून तुला माझं अगदी मनापासून सांगणं, भारतीय सांकेतिक भाषा शिक. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं, त्यांनी २०१८ मध्ये ३००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश काढला, २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांपर्यंत गेला, फुकट बघता येतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही चौकशी कर. पण व्हिडिओ बघून भाषा येत नाही, त्या ग्रुपला परत जा. पहिल्या दिवशी कळणार नाही, तिसऱ्या दिवशी थोडं कळेल. तिथे तू लहान मूल असशील आणि ते थोडं अपमानास्पद वाटेल. तरी जा. माझ्याकडची एक मुलगी अशीच गेली, सहा महिन्यांनी येऊन सांगत होती की तिथे कोणी एकदा पण "परत बोल" म्हणालं नाही.

"परत बोल" वरून एक मुलगा आठवला आणि त्याचं सविस्तर सांगते, कारण मी जे काही शिकले त्यात या पोराचा वाटा मोठा आहे. तुला कदाचित माहीत नसेल, आताचे प्रोसेसर दिवसाला किती तास कोइल डोक्यावर होती त्याची नोंद ठेवतात. मॅपिंगला जोडलं की आम्हाला स्क्रीनवर दिसतं. हा मुलगा १४ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी सरासरी ११ तास होते, आता साडेपाच. मी सवयीने आकडा मोठ्याने वाचला. वडील तिथेच भडकले, एवढे लाख घालवले, घरी येऊन मशीन काढून बसतो, आम्हाला वाटलं बॅटरी संपते. पोरगं खाली मान घालून बसलं. वडिलांना बाहेर पाठवून मी विचारलं तर म्हणाला, "शाळेत दिवसभर ऐकून डोकं दुखतं. घरी मशीन काढलं की कोणी परत बोल, नीट बोल म्हणत नाही. तेव्हाच मी मला आवडतो."

त्या दिवशी मला जाणवलं की या मुलाच्या कानावरचं बटण कधीच त्याच्या हातात नव्हतं. बसवायचं आईवडिलांनी ठरवलं, ते बरोबरच होतं, दोन-तीन वर्षांच्या मुलाला काय विचारणार. कधी घालायचं ते आईने, आवाज किती ते मी, शाळेत काढायचं नाही ते बाईंनी, आणि आता त्याने चोरून काढलं तर मशीनच चुगली करतं. मग तो ते काढतो तेच एवढं एक त्याचं स्वतःचं असतं. त्यानंतर मी एक नियम केला, दहा वर्षांवरच्या मुलाला स्क्रीन आधी त्याला एकट्याला दाखवते, आणि पालकांना काय सांगायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवतो. त्या मुलाबरोबर ठरलं की शाळा सुटल्यावर दीड तास मशीन बंद, घरच्यांनीही त्या वेळात काही हवं असेल तर लिहून किंवा खुणेने सांगायचं. पुढच्या वेळी तास वाढले होते, आठच्या पुढे गेले होते. चोरून काढायची गरज राहिली नाही तेव्हा तो आपणहून घालायला लागला.

इथे एक धोक्याची सूचना, लहान मुलांच्या पालकांनी हे वाचून चुकीचा अर्थ काढू नये. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला जागेपणी पूर्ण वेळ मशीन हवंच. मेंदूचा ऐकायचा भाग साडेतीन वर्षांच्या आत सगळ्यात चांगला घडतो, तो काळ परत येत नाही, तिथे "मुलाच्या मनावर सोडू" चालत नाही. बटण हळूहळू हातात द्यायचं असतं, सात-आठव्या वर्षी बॅटरी त्याने बदलायची, दहाव्या वर्षी ड्रायरच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या डबीत त्याने ठेवायचं, डॉक्टरांशी त्याने बोलायचं, असं. पण शेवटी द्यायचं असतं. बऱ्याच घरात ते कधी देतच नाहीत, आणि तुझं वाचून मला वाटतं की तुझ्याही घरात ते राहून गेलं. मशीन बंद पडल्यावर सेंटरला फोन कोणी केला? तू लिहिलंयस "बाबा दोनदा जाऊन आले". पुढच्या वेळी तू जा. सिरियल नंबर, वॉरंटीची तारीख, कुठला मॅप चालू आहे, सगळं तुझ्या फोनमध्ये असू दे. मॅपची फाईल मागून घे, ती तुझी आहे.

मग रोज एक तास, तू ठरवलेल्या वेळी, घरात, जागी असताना, मशीन काढून ठेव. झोपायला काढतेस तसं नाही, काहीतरी करायला. स्वयंपाक कर, चित्र काढ, आईबरोबर बस आणि तिला सांग की आता लिहून बोल. पहिले काही दिवस छातीत धडधडेल. मशीन बिघडल्यावर जी शांतता अंगावर आली होती ती आणि तू स्वतः घेतलेली शांतता यात किती फरक आहे ते तुला तुझंच कळेल, मी इथून सांगून उपयोग नाही. रस्त्यावर, गाडी चालवताना हा प्रयोग करायचा नाही. आणि यातूनही ती "मी नव्हतेच" भावना जात नसेल, झोप, जेवण बिघडलं असेल, तर समुपदेशकाकडे जा, ते माझ्या विषयाच्या पलीकडचं आहे.

ऑफिसचं म्हणशील तर सांगून टाक. एक मेल पुरेल, मी इम्प्लांट वापरते, कधी बंद पडलं तर त्या दिवसांत मला लिहून सांगा. फोनवर मराठी बोलणं लगेच अक्षरांत दाखवणारी अॅप्स आता आहेत, चुका करतात, पण मीटिंगमध्ये निभावून नेतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलचा तोटा असेल तर कर्णबधिर धरतात, आणि समान संधीचं धोरण जाहीर करणं खाजगी कंपन्यांनाही बंधनकारक आहे. तुझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढून घे. कार्ड काढलं म्हणजे आपण हरलो असं बऱ्याच मुलांना वाटतं. "कळतच नाही" ऐकत वाढलेल्या मुलांना तर वाटतंच.

लग्नाचं. आईला दोष देऊ नकोस, तिने तुझ्यासाठी लोकांच्या नजरा २० वर्षं झेलल्यात आणि केसांनी झाकणं हा तिला माहीत असलेला एकच उपाय आहे. पण झाकू नकोस. तत्त्व वगैरे बाजूला ठेव, अगदी व्यवहाराचं सांगते, रोज रात्री मशीन काढूनच झोपायचंय ना, मग पहिल्या रात्रीच कळणार. त्याआधीच, शक्यतो पहिल्या भेटीत, तू स्वतःच्या तोंडाने सांग, आणि जमलं तर मशीन काढून दाखव, हे असं लागतं, हे काढलं की मला ऐकू येत नाही, मग असं बोलायचं. समोरचा त्यावर काय करतो ते बघ. माझ्याकडच्या एकीने चहा पिता पिता असंच कोइल काढून टेबलावर ठेवली, मुलगा दोन मिनिटं गप्प बसला, मग त्याने खिशातलं पेन काढून पेपर नॅपकिनवर लिहिलं, "साखर कमी आहे का?" त्यांचं जमलं. दुसऱ्या एकीला तीन स्थळांनी नकार दिला, तेही लिहायला हवं, कारण सांगितलं की सगळे चांगलेच वागतात असं नाही. पण मला त्या तीन नकारांचं वाईट वाटलं नाही जेवढं एका लपवून झालेल्या लग्नाचं वाटलं, जिथे सासरी सहा महिने ती मुलगी मशीन घालूनच झोपायची आणि कानामागे जखम घेऊन माझ्याकडे आली.

एक गोष्ट मात्र तुझ्या हातात नाही आणि तिचा मला संताप येतो. तुझं ऐकणं एका वस्तूवर आहे आणि त्या वस्तूला वॉरंटी असते, काही वर्षांनी जुनं मॉडेल बंद होतं, सुटे भाग मिळेनासे होतात, नव्या प्रोसेसरचा खर्च लाखांत जातो. सरकारी योजनेतून ज्यांचं ऑपरेशन झालं ती घरं तर इथेच अडकतात, ऑपरेशनला मदत मिळाली, दहा वर्षांनी केबल आणि कोइल कोण देणार. कान बसवून द्यायचा आणि मग त्याचे सुटे भाग परवडत नाहीत म्हणून मुलाला शांततेत सोडायचं, हे मी डोळ्याने बघितलंय. अवलंबून असण्यात लाज काही नाही, पण ज्यांच्यावर अवलंबून आहोत त्यांच्याकडे हक्काने मागायला हवं, पालकांचे गट हे मागतायत, तुम्ही मोठी झालेली मुलं त्यात आलात तर आवाज वेगळा होईल. तोवर तू एक जादा केबल आणि जादा कोइल घरात ठेव, बऱ्याचदा बिघाड तिथेच असतो, विमा काढ, आणि दुरुस्तीच्या काळात बदली प्रोसेसर मिळतो का ते आत्ताच विचारून ठेव. पावसाळ्यात रोज रात्री ड्रायर, एक दिवसही चुकवायचा नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, रात्री मशीन काढल्यावर कानात सूंऽऽ आवाज येतो, कधी दूरवर पंखा चालल्यासारखा, तो कुठून येतो. याला टिनिटस म्हणतात, ऐकू न येणाऱ्या बऱ्याच जणांना असतो. बाहेरून काही येत नसलं की मेंदूचा ऐकण्याचा भाग स्वतःच काहीतरी ऐकवतो, मशीन चालू असताना तो बऱ्याच जणांना कमी जाणवतो आणि काढल्यावर वर येतो. तुझ्यात काही बिघडलंय असं नाही. त्या १९ दिवसांत तो जास्त वाटला असेल, ताणाने आणि झोप नसल्याने वाढतो. झोपताना त्रास होत असेल तर काढल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, अर्धा तास काहीतरी वाचत बस, संध्याकाळनंतर चहा कमी कर. पण तो एकदम वाढला, चक्कर यायला लागली, किंवा इम्प्लांटच्या जागी दुखलं, लाल झालं, सूज आली, तर इथे विचारत बसू नकोस, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जा. आणि जाताना बाबांना बरोबर घे हवं तर, पण डॉक्टरांशी तू बोल.